गावात चालतंय की!

पोस्ट लांब आहे, चहा घेऊनच बसा. आठवण येळवशीची आहे, पण भज्जी-आंबिलीचं वर्णन वाचायला मिळेल म्हणून आला असाल तर आधीच सांगतो, आज भांडायला बसलोय. पहिलं भांडण माझं माझ्याशीच आहे. दुसरं तुमच्याशी.

तीन वर्षांपूर्वीची येळवस. कमठाण्यात आमच्या शेतात कोप घातली होती, पांडव मांडले होते, पूजा झाली होती. उंडे, भज्जी, खीर आणि मडक्यातली आंबील असं पोटभर जेवून सगळे सावलीला आडवे झाले होते. पुण्याहून आम्ही, हैदराबादहून आत्याचं घर, सोलापूरहून धाकटे काका आणि निलंग्याहून मामा आले होते. 1956 ला आपला जिल्हा तुटला, उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडं गेले, बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद इकडं राहिले. सोयरीक काही तुटली नाही. त्यामुळं आपल्यातली निम्मी माणसं सणावाराला कुठल्या ना कुठल्या गाडीत बसून सरहद्द ओलांडतच असतात.

गप्पा गाडीवर आल्या. आदल्या रात्री माझ्या गाडीचं काय झालं हे सगळ्यांना कळलं होतं. मामांनी पान लावता लावता निकाल दिला, "डिस्क म्हंजे लोखंडाचं ताट. लोखंड कुठं झिजतंय व्हय? पॅड टाक, गाडी पळीव. डिस्क बदला म्हणणारा गॅरेजवाला म्हंजे चोर बघ."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी काहीच बोललो नाही, कारण चौदा महिन्यांपूर्वी पुण्याच्या गॅरेजात मी स्वतः अगदी हेच बोललो होतो.

आता आदल्या रात्रीचं सांगतो.

आमची वॅगनआर, छोटी गाडी. पुढच्या चाकांना डिस्क, मागं ड्रम. मी चालवत होतो, शेजारी बायको, मागं आई आणि दोन्ही पोरं. सोलापूर, उमरगा मागं टाकून हुमनाबादला चहा घेतला आणि बिदरच्या रस्त्याला लागलो. रात्रीचे नऊ वाजले असतील. उसाचा हंगाम, म्हणजे तुम्हाला माहीतच आहे. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यावर दोन पुरुष उंच ऊस, आणि मागं ना लाल दिवा ना चमकणारी पट्टी. अंधारात अंधार चालावा तशी ती ट्रॉली समोर आली. मी ब्रेक दाबला.

गाडी थांबली नाही. म्हणजे थांबू लागली, पण एका बाजूनंच. उजव्या पुढच्या चाकातून लोखंडावर लोखंड घासल्याचा घर्र आवाज आला आणि स्टेअरिंग माझ्या हातातून डावीकडं ओढलं गेलं. गाडी डांबर सोडून खाली उतरली, मातीतून घसरत गेली आणि बाभळीपासून चार हातांवर उभी राहिली. ट्रॉलीवाला पुढं निघूनही गेला, त्याला कळलंसुद्धा नाही. आई मागं देवाचं नाव घेत होती. धाकटी रडायचीही विसरली होती.

बायको बराच वेळ काही बोलली नाही. मग एवढंच म्हणाली, "दिवाळीपासून सांगतेय, चाकातून चीं चीं येतंय."

सांगत होती, खरंय. चार वेळा सांगितलं असेल. पहिल्यांदा मी म्हणालो, पावसाचं पाणी गेलंय, सुकल्यावर थांबेल. दुसऱ्यांदा म्हणालो, धूळ असेल. तिसऱ्यांदा म्हणालो, तुला गाडीतलं काय कळतं? चौथ्यांदा काही न बोलता गाण्यांचा आवाज वाढवला. मंडळी, हे वाचताना किती नवरेमंडळींनी मान खाली घातली ते मला इथून दिसतंय. बऱ्याच पॅडांना लोखंडाची एक बारीक पट्टी मुद्दाम लावलेली असते. पॅड झिजत आला की ती पट्टी डिस्कला घासते आणि किंचाळते. तो बिघाड नसतो, ती सूचना असते. पॅड बनवणाऱ्यानं ओरडायची सोय केली, घरातल्या माणसानं ते ओरडणं ऐकलं, आणि गाडी चालवणाऱ्या शहाण्यानं गाणं मोठं केलं!

येळवशीच्या दुसऱ्या दिवशी गाडी वीसच्या वर न नेता, गिअरवरच आवरत बिदरला मिस्त्रीकडं नेली. म्हातारा माणूस, चाळीस वर्षं हेच काम. सोबत अण्णा, मामा आणि माझा धाकटा भाऊ. चाक जमिनीवर असतानाच त्यानं नट सैल केले, मग जॅक लावला, खाली लाकडी ठोकळा सरकवला आणि चाक काढलं. बाहेरून बघितलं तर पॅड चांगला निम्मा शिल्लक. मामा लगेच म्हणाले, "बघ, म्हणलो नव्हतो?" मिस्त्री हसला. त्यानं कॅलिपर उघडला, आतल्या बाजूचा पॅड बाहेर काढला आणि माझ्या हातावर ठेवला. त्यावर घासायचा मसाला औषधालाही नव्हता. नुसती लोखंडी पाटी, तीही घासून आरशासारखी झालेली.

"ये देखो भाईजान. बाहर का आधा है, अंदर का खतम. पिन जाम हो गया था."

हे नीट समजून घ्या, कारण आपल्यातल्या बहुतेकांची फसगत इथंच होते. छोट्या गाडीत कॅलिपरला बहुधा एकाच बाजूला पिस्टन असतो, आतल्या बाजूला. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्याच जोरानं अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅडही आवळतो. पिनांवरचं रबर फाटलं, आत पाणी आणि आपली लाल माती गेली, ग्रीस वाळलं, की पिना अडकतात. मग आतला पॅड एकटाच झिजत राहतो आणि बाहेरचा नवऱ्या मुलासारखा मिरवतो. चाकाच्या जाळीतून डोकावून "पॅड बक्कळ आहे" म्हणणारा माणूस बाहेरचाच पॅड बघत असतो. चाक काढल्याशिवाय ब्रेक बघितला असं म्हणायचंच नाही.

मग त्यानं डिस्कवर नख फिरवायला लावलं. ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या खोबणी, आणि कडेला उंच काठ. व्हर्निअर लावला. त्या डिस्कवर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला होता, आणि आमची डिस्क त्याच्याही दीड मिलिमीटर खाली गेली होती. लोखंड कुठं झिजतंय व्हय? इथं झिजतंय मामा, इथं.

आता मामांचं म्हणणं, आणि तुमच्यातल्याही अनेकांचं, एकेक करून घेतो.

"पॅड नवे टाकले की झालं." नाही झालं. खोबणी पडलेल्या डिस्कवर सपाट नवा पॅड ठेवला तर तो फक्त उंचवट्यांवर टेकतो. पकड कमी, तेवढ्याच जागी उष्णता जास्त, आणि नवा पॅडही लवकर खलास. शिवाय ब्रेक म्हणजे गाडीचा वेग उष्णतेत बदलणारं यंत्र. ती उष्णता आधी डिस्कनं पोटात घ्यायची आणि मग हवेला द्यायची. पातळ डिस्क म्हणजे पातळ पातेलं, लगेच तापतं. तापून तापून ती वाकडी होते, तडकते. लेथवर घासून सपाट करता येते, पण घासल्यावरही त्या कोरलेल्या आकड्याच्या वर जाडी उरत असेल तरच. आमची घासायलाही उरली नव्हती.

"आमच्या काळात असलं काही नव्हतं." बरोबर आहे, तुमच्या काळात वेगही नव्हता. अण्णा सांगतात, भरलेली बैलगाडी उतारावर आली की आजोबा खाली उतरून चाकाच्या लोखंडी धावेला लाकडाचा ओंडका दाबत चालायचे. ओंडका झिजला की दुसरा घ्यायचा. तेव्हा कोणी म्हणालं नाही की ओंडका आणखी एक हंगाम काढेल, कारण खाली बैल होते आणि बैल आपले होते. आता हिशेब बघा. वेग दुप्पट झाला की थांबवायची ताकद दुप्पट नाही, चौपट लागते. चाळीसच्या वेगाची हजार किलोची गाडी आणि ऐंशीच्या वेगाची तीच गाडी, दोन्हींत चौपटीचा फरक. ऐंशीवरून एकदा पूर्ण थांबताना जेवढी उष्णता तयार होते तेवढ्यात जवळजवळ पाऊण लीटर पाण्याला उकळी येईल. काही सेकंदांत! आणि ब्रेक लावताना वजन पुढं येतं, म्हणून त्यातला मोठा वाटा त्या दोन पुढच्या ताटांवरच पडतो.

"डिस्क ही नव्या गाड्यांची चैन आहे." चैन कसली? लँचेस्टर नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं डिस्क ब्रेकचं पेटंट 1902 मध्ये घेतलं. 1953 मध्ये फ्रान्सच्या ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जग्वारनं जिंकली ती डिस्क ब्रेकच्या जोरावर, कारण इतरांचे ड्रम तापून मऊ पडत आणि ह्यांचे धरत. उघड्यावर असल्यानं डिस्क लवकर थंड होते, हा तिचा गुण. पण उघड्यावर असल्यानं धूळ, चिखल, पाणीही तिच्याच वाट्याला येतं. म्हणून तिच्याकडं बघावं लागतं.

"एकाच बाजूची टाका." हे तर मामा तिथंच मिस्त्रीला म्हणाले. "उजवीच खराब हाय न्हवं? एकच टाक." मिस्त्रीनं हातातला पाना खाली ठेवला. "नक्को साब. एक तरफ नया, एक तरफ पुराना, तो गाडी फिर खींचेगी. इसपे मैं पॅड डालूँ तो मेरा नाम खराब." डिस्क जोडीनं, पॅड चारही. आदल्या रात्री बाभळीकडं ओढली गेलेली गाडी ज्यानं हातात धरलीय त्याला हे शिकवावं लागत नाही.

"उतारावर न्यूट्रल करा, पेट्रोलही वाचतं, ब्रेकही." ह्या सल्ल्यानं तर माझं डोकंच फिरतं. गिअरमध्ये असलेलं इंजिन उतारावर गाडीला मागं धरतं. न्यूट्रल केलं की तो सगळा भार ब्रेकवर येतो, म्हणजे वाचत नाहीत, जास्त झिजतात. काही महाभाग तर इंजिनच बंद करतात. ब्रेकचा पाय हलका करणारा बूस्टर इंजिनच्या ओढीवर चालतो. इंजिन बंद केल्यावर एक-दोनदा पाय हलका लागतो, मग पेडल दगड होतं. चार रुपयांच्या पेट्रोलसाठी दगडावर पाय ठेवायचा?

"ब्रेक ऑइल कमी झालं, वरून ओतलं." पॅड झिजले की पिस्टन पुढं येतो आणि डब्यातली पातळी खाली जाते. म्हणजे पातळी उतरली हीसुद्धा पॅड बघायची सूचनाच असते. वरून ओतून आपण तीही झाकतो. शिवाय हे ऑइल हवेतला ओलावा पितं. डॉट 3 चं नवं ऑइल किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पण पुरेसा ओलावा प्यायलं की 140 ला उकळू शकतं. उकळलं की वाफ होते, वाफ दबते आणि पेडल थेट तळाला जातं. दर दोन वर्षांनी ते बदलायचं असतं. आपल्यातल्या किती जणांनी बदललंय? मी विचारतोय, टोमणा नाही.

आता गॅरेजवाला चोर आहे, ह्या मुद्द्यावर येतो. काही असतातही. चांगली डिस्क खराब म्हणून माथी मारणारे मलाही भेटलेत, हलका माल चांगल्या डब्यात घालून विकणारेही आहेत. पण चोराची भीती असेल तर दार लावायचं की घर पाडायचं? त्यावर उपाय सोपा आहे. चाक माझ्यासमोर काढा. जाडी माझ्यासमोर मोजा आणि डिस्कवरचा आकडा दाखवा. जुना माल मला परत द्या, मी घरी नेणार. पक्कं बिल द्या. एवढं मागितलं की चोर बिचकतो आणि चांगला मिस्त्री खूश होतो. आणि माझ्या बाबतीत तर चोर उलटाच होता. पुण्याच्या त्या गॅरेजवाल्यानं मला सांगितलं होतं, "साहेब, डिस्कवर खोबणी आहेत." मीच म्हणालो, "चालतंय हो, फक्त पॅड टाका, स्वस्तातले." त्यानं पिना साफ केल्या नाहीत ही त्याची चूक. पण साडेतीन हजार वाचवले ते मी.

बिदरला एकूण बिल किती झालं सांगू? डिस्कची जोडी साडेतीन हजार, पॅड दीड हजार, पिना, रबर, ग्रीस, ऑइल आणि मजुरी धरून साडेसहा हजारांच्या आत. त्याच गाडीला त्याच दिवाळीत मी सात हजारांची सीट कव्हरं घातली होती. दसऱ्याला झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करणारी माणसं आपण. हत्याराला धार आहे का ते न बघता नुसता हार घालायचा, ही कुठली पूजा?

काम बघत मी तिथंच बसून राहिलो. कॅलिपर त्यानं रबरी नळीवर लोंबकळू दिला नाही, तारेनं वर बांधला. पिस्टन मागं ढकलण्याआधी डब्यातलं जास्तीचं ऑइल सिरिंजनं काढून घेतलं, नाहीतर ते वरून सांडतं आणि रंग खातं. धूळ त्यानं हवेच्या पाइपानं उडवली नाही, ओल्या फडक्यानं पुसली. जुन्या पॅडांत अॅस्बेस्टॉस असायचं आणि ती धूळ फुफ्फुसात कायमची घर करते, एवढं तो चाळीस वर्षांत शिकला होता. डिस्क बसते तिथला गंज पॉलिश पेपरनं घासला. नव्या डिस्कवरचं गंज रोखायचं तेल पुसून काढलं. मग जुनं ऑइल चारही चाकांतून काढून नवं भरलं. गाडी हलवण्याआधी पेडल दहा-बारा वेळा पंप करून कडक केलं. आणि मला सांगितलं, पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक मारू नका, पॅड आणि डिस्कची ओळख होऊ द्या.

हे सगळं होईपर्यंत भाऊ एक शब्द बोलला नव्हता. आता जे लिहितोय ते लिहायला मला तीन वर्षं लागली.

त्या गॅरेजात मी डिस्क का टाकल्या नाहीत? पैसे नव्हते म्हणून नाही. आम्ही नवी गाडी बघत होतो, आणि ही वॅगनआर येळवशीनंतर कमठाण्यात भावाकडंच ठेवायची हे आधीच ठरलं होतं. माझ्या मनात शब्द होते, गावाला तर द्यायचीय, डिस्क कशाला? गावात काय, हळूच चालते. गावात चालतंय की.

हिशेब झाल्यावर भावानं तो लोखंडी पाटी झालेला पॅड हातात घेतला, उलटासुलटा केला आणि म्हणाला, "दादा, सोमवारपासून माझी पोरं ह्यात बसून शाळंला जाणार हुती."

बास, एवढंच. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

मंडळी, माझं खरं भांडण इथं आहे. आपण पुण्यात, हैदराबादेत, सोलापुरात बसलो, बरं झालं. पण आपल्याला नको झालेलं गावाला पाठवायची जी सवय लागलीय तिचं काय करायचं? शहरात फाटलेली सतरंजी गावाला, बिघडलेला फ्रीज गावाला, आणि ब्रेक संपलेली गाडीही गावाला. वर उपकार केल्याचा आव. सतरंजी कुणाचा जीव घेत नाही, गाडी घेते. आणि गावात हळू चालतं म्हणणाऱ्यांनी हंगामात एकदा रात्री हुमनाबाद-बिदर चालवून बघावं. तिथं बिनदिव्याच्या ट्रॉल्या आहेत, रस्त्यावर बसलेली म्हैस आहे, शेळीमागं पळणारं पोर आहे. गावातल्या रस्त्याला शहरापेक्षा चांगला ब्रेक लागतो, वाईट नाही. कर्नाटकात जागोजागी पाटी असते, निधानवागि चलिसि, हळू चालवा. पण हळू चालवायलाही आधी गाडी हळू व्हावी लागते.

मामांशी त्यानंतर माझं दोन महिने बोलणं नव्हतं. मग एक दिवस त्यांचाच फोन आला. "काय करलालास?" म्हणाले. इकडचं तिकडचं झालं. शेवटी हळूच, "ते व्हर्निअर का काय म्हणत्यात, ते कुठं मिळतंय?" मी हसलो नाही. पत्ता दिला.

ती वॅगनआर आजही कमठाण्यात आहे. भाऊ दर दहा हजाराला चाक काढून पिना साफ करून घेतो, समोर उभा राहून. तो झिजलेला पॅड त्यानं टाकला नाही. घरात देवळीत, किल्ल्या ठेवतात तिथं ठेवलाय. मी गेलो की आधी तोच दिसतो.

तुमच्याकडं काम एवढंच आहे. ह्या वर्षी गावी निघण्याआधी गाडी धुऊ नका. धुतली नाही तरी ती पोहोचते. चाक काढून घ्या, आतला पॅड हातात घ्या, डिस्कवर नख फिरवा. घरातलं कोणी म्हणालं आवाज येतोय, तर गाणं बंद करा. आणि गाडी गावाला देणार असाल तर आधी ब्रेक नवे करा, मग किल्ली द्या.

पटलं तर घरच्यांना वाचून दाखवा. नाही पटलं तर खाली भांडा, मी आहे इथंच. पण भांडायच्या आधी एकदा चाक काढून बघा.